उन्हाळ्यात संकरित गाय थंड ठेवायची कशी: नाशिक जिल्ह्यातल्या गोठ्यांसाठी

एप्रिलमध्ये संकलन केंद्रावर दूध कमी भरू लागलं की पहिला संशय पेंडेवर जातो. गोणी बदलली का, माल हलका आला का, याची चौकशी सुरू होते. खरं कारण बहुतेक वेळा दोन दिवसांपूर्वीच्या दुपारी घडून गेलेलं असतं. उष्णतेचा ताण बसला की दूध तुटायला साधारण २४ ते ४८ तास लागतात, त्यामुळे दूध तुटलं त्या दिवशीचं हवामान बघून काही उलगडत नाही. नुकसान नुसतं लिटरमध्ये मोजूनही चालत नाही. फॅट ३.५ आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून इतर घन पदार्थ) ८.५ टक्क्यांच्या खाली सरकलं की दरातही कपात होते, आणि उन्हाळ्यात दोन्ही एकदमच खाली येतात.

गाय थंड होते ती अंगावरचं पाणी वाळल्यामुळे. किती पाणी ओतलं यापेक्षा किती वाळलं, याला महत्त्व आहे. माठातलं पाणी मे महिन्यात गारेगार होतं आणि श्रावणात होत नाही, तोच नियम गायीच्या पाठीला लागू आहे. नाशिक जिल्ह्यात मार्च ते मेअखेर हवा कोरडी असते, तेव्हा हा उपाय उत्तम चालतो. जूनच्या सुरुवातीला हवा दमट झाली की तोच उपाय त्याच पद्धतीने केला तर उलटतो. एप्रिलमध्ये गोठा छान सांभाळणारे अनेकजण जूनमध्ये मार खातात, त्याचं कारण इथे आहे.

गाय तापते ती आतूनही

संकरासाठी वापरली जाणारी होल्स्टीन ही विदेशी जात मूळ थंड मुलखातली. तिला ५ ते २५ अंश सेल्सिअस मानवतं. त्यात तिच्या पोटात चुलाण पेटलेलंच असतं: कोठीपोटात (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) चारा आंबताना उष्णता तयार होते, दूध बनतानाही होते. २० लिटरची गाय १० लिटरच्या गायीपेक्षा जास्त खाते, म्हणून जास्त तापते. गोठ्यातली सर्वांत चांगली गाय सर्वांत आधी धापा टाकते ती याचमुळे. ती नाजूक आहे म्हणून नव्हे. जर्सी संकरित थोडी जास्त तग धरते, गीर त्याहून जास्त. आपल्या इगतपुरी-अकोले भागातली डांगी तर ऊन-पाऊस दोन्ही सोसते, पण तिच्या दुधाचा हिशोब वेगळा आहे. म्हशीचा मुद्दा स्वतंत्र: काळी कातडी आणि घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तिला डुंबायला किंवा भिजायला पाणी हवंच.

आधी मोजा, मग खर्च करा

तीन गोष्टी मोजायच्या.

पहिली, श्वास. गाय उभी किंवा बसलेली असताना कुशीची हालचाल ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला ६० च्या आत असेल तर ठीक. ६० ओलांडले की ताण सुरू झाला. ८० च्या वर दूध तुटणार हे धरून चाला. १०० च्या पुढे, तोंड उघडं आणि लाळ गळत असेल तर हातातलं काम सोडून पाणी मारायचं. दुपारी ३ ला मोजा, आणि पहाटे ५ ला परत मोजा. पहाटेचा आकडा जास्त बोलका असतो. दुपारी ९० आणि पहाटे ४० म्हणजे गाय रात्रीतून सावरली. पहाटेही ६० असतील तर कालची उष्णता अंगात घेऊनच तिचा आजचा दिवस सुरू होतो आहे.

दुसरी, अंगाचं तापमान. गुदद्वारात थर्मामीटर ठेवून निरोगी गायीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट येतं. १०३ च्या वर गेलं की ताण निश्चित. अंग सर्वांत जास्त तापलेलं असतं ते दुपारी २ ला नाही, तर संध्याकाळी ५ ते ८ च्या दरम्यान, कारण दिवसभराची उष्णता तोवर साठलेली असते. ऊन उतरलं म्हणून पंखे बंद करायची सवय नेमकी याच वेळी नडते.

तिसरी, हवेचं तापमान आणि आर्द्रता मिळून होणारा निर्देशांक, म्हणजे टीएचआय. द्राक्षबागेत डाऊनी-भुरी या रोगांसाठी आर्द्रता बघायचं छोटं डिजिटल यंत्र बऱ्याच घरांत असतंच. तेच गोठ्यात गायीच्या खांद्याच्या उंचीवर, सावलीत, भिंतीपासून आणि फवाऱ्यापासून लांब टांगा. हिशोब असा:

टीएचआय = (१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६)

तापमान सेल्सिअसमध्ये, आर्द्रता टक्क्यांत. ७२ ही जुनी धोक्याची रेषा. जास्त दुधाच्या गायींना ६८ पासूनच त्रास सुरू होतो. आता दोन दिवसांची तुलना करा. मे महिन्यातली दुपार, ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता: टीएचआय ८४. जूनमधली पावसाआधीची दुपार, ३२ अंश आणि ६५ टक्के: टीएचआय जवळपास ८४ च. माणसाला दुसऱ्या दिवशी 'ऊन कमी झालं' वाटतं, गायीला काहीच कमी झालेलं नसतं. रात्रींतला फरक त्याहून मोठा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या रात्री २० अंश आणि ४५ टक्के असेल तर टीएचआय ६५, म्हणजे गाय पूर्ण मोकळी. जूनच्या रात्री २६ अंश आणि ७५ टक्क्यांना तो ७६ राहतो, म्हणजे रात्रभर सुटका नाही.

एक फरक ओळखायला शिका. उष्णतेच्या ताणात दुपारी गोठ्यातल्या बहुतेक गायी धापा टाकतात आणि रात्री शांत होतात. एकच गाय पहाटे ५ लाही १०४ अंश फॅरनहाइट दाखवत असेल तर तो ताप आहे. उन्हाळ्यात गोचिडं वाढतात आणि त्यांच्यामार्फत थायलेरियासारखे आजार येतात. अशा गायीला पाणी मारत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

सावली

नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्यात २० तारखेच्या आसपास इथे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवसांत भरदुपारी ऊन बरोब्बर छपरावर पडतं, भिंतीवर नाही. म्हणून छपराचा विचार आधी. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंनी आत येतं.

कडेची उंची १० ते १२ फूट, मध्यावर १४-१५ फूट, आणि माथ्यावर साधारण फूटभर उघडी फट, वर टोपी घालून. गरम हवा वर जाते, तिला वाट लागते. आपल्याकडे ७-८ फुटांवर पत्रा टाकून वर दगड ठेवलेले गोठे खूप आहेत. तिथे पत्रा स्वतःच गायीच्या पाठीवर उष्णता फेकतो. उंची वाढवणं शक्य नसेल तर पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात द्या (चुन्यात थोडा फेविकॉल घातला तर लवकर उडत नाही), किंवा वर उसाचं पाचट, कडब्याच्या पेंढ्या अर्धा फूट जाडीने पसरा. पाचट मेअखेर वाऱ्यावर उडतं आणि सहज पेटतं, त्यामुळे वर जाळी बांधा आणि विजेची वायर त्याला लागू देऊ नका.

प्रत्येक मोठ्या गायीला छपराखाली किमान ४० चौरस फूट आणि मुक्तसंचार (गायी न बांधता मोकळ्या सोडलेल्या) गोठ्यात त्याशिवाय ८० चौरस फूट मोकळी जागा लागते. मोकळ्या जागेत ७५ टक्के सावलीची हिरवी नेट १२ फुटांवर ताणली तरी चांगला फरक पडतो. नेटखाली सगळ्या गायी एका कोपऱ्यात दाटी करत असतील तर सावली कमी पडते आहे असं समजा.

पश्चिमेचं ऊन अडवायला पडदा लावा, पण तिन्ही बाजू बंद करू नका. ओलं गोणपाट बांधायची पद्धत कोरड्या वाऱ्यात चांगली चालते, वारा त्यातून आरपार जात असेल तर. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला भिंत असेल तर आत दमट हवा कोंडते आणि दुप्पट त्रास होतो.

पिण्याचं पाणी

गोठ्यात पैसा घालायचा तर सर्वांत आधी इथे. पंखा, फवारा सगळं नंतर.

१५ ते २० लिटर दूध देणारी गाय उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १२० लिटर पाणी पिते. दिवसातून दोनदा बादली दाखवून हे भागत नाही. धार काढून झाल्या झाल्या ती दिवसाच्या पाण्याचा मोठा वाटा पिते, म्हणून धारेच्या जागेवरून बाहेर पडताच समोर भरलेला हौद हवा. हौदाची लांबी गायीमागे ३ इंच तरी, आणि दहापेक्षा जास्त गायी असतील तर दोन वेगळ्या ठिकाणी हौद करा. एकच असेल तर दांडगी गाय उभी राहते आणि दबकी गाय तहानलेली राहते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते पाण्याच्या तापमानाकडे. छपरावरची काळी टाकी आणि उन्हात पडलेली काळी नळी यांतून दुपारी पाणी कढत येतं. हात घालून बघा: तुम्हाला प्यावंसं वाटत नसेल तर गायही कमीच पिणार. टाकी सावलीत घ्या किंवा पांढरी रंगवून गोणपाटाने गुंडाळा, नळी फूटभर जमिनीत गाडा. हौद आठवड्याला रिकामा करून घासा आणि आतून चुना लावा. शेवाळाचा वास आला की गाय तोंड लावून मागे सरते.

पाण्याचा अंदाज: दहा गायींना पिण्यासाठी १००० लिटर, भिजवण्यासाठी ६०० लिटर, धुण्याचं वेगळं. शेतीपंपाची वीज पाळीने येते, कधी रात्री, कधी दिवसा. म्हणून दीड दिवसाचं पाणी साठेल एवढी टाकी उंचावर हवी, म्हणजे वीज नसताना निदान उताराने पाणी येतं. सिन्नर, येवला, नांदगावकडे मे महिन्यात टँकरवर दिवस काढावे लागतात. तिथे पाणी पिण्यासाठी राखा, सावली दाट करा, आणि भिजवणं फक्त संध्याकाळच्या धारेआधी करा.

भिजवणं आणि वारा

हवा ३५-३६ अंशांच्या वर गेली की ती गायीच्या कातडीपेक्षा गरम होते. अशा वेळी कोरड्या अंगावर नुसता पंखा सोडला तर फारसा उपयोग नाही, गरम हवाच अंगावर येते. त्याच हवेत कातडी ओली असेल तर चित्र बदलतं. ४० अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २२-२३ अंश दाखवतो, वारा लागला तर. आपल्याला गायीची कातडी त्या फडक्यासारखी वागवायची आहे.

त्यासाठी थेंब मोठे हवेत. बारीक धुकं सोडणारे फॉगर पॉलिहाऊसमध्ये शोभतात. त्यांचं पाणी केसांच्या टोकांवर बसतं, कातडीपर्यंत पोचत नाही, आणि केस ओले-कातडी कोरडी अशा स्थितीत अंगाची उष्णता आतच अडकते. दुकानदार फॉगर दाखवतो कारण पाणी कमी लागतं असं सांगता येतं. बंद गोठ्यात तर ते टाळाच.

कमी दाबावर चालणारे, अर्ध्या वर्तुळात पाणी फेकणारे साधे स्प्रिंकलर घ्या. पिंपळगाव, निफाड, ओझर भागात ठिबकच्या कोणत्याही दुकानात सुटे भाग मिळतात. जुळणी अशी:

१. गव्हाणीच्या रेषेवर, जमिनीपासून ६ ते ७ फुटांवर ३२ मिमीची नळी. तोंड गायीच्या खांद्यापासून माकडहाडापर्यंत पाणी पडेल असं वळवलेलं, गव्हाणीत आणि चाऱ्यावर पाणी नको.

२. दर ६ ते ७ फुटांवर एक नोझल, मिनिटाला सुमारे २ लिटर सोडणारा. नोझलखाली बादली धरून मिनिटभर मोजा, छापील आकड्यावर विसंबू नका.

३. आधी स्क्रीन फिल्टर. बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं, नोझल पांढरं होऊन तुंबतं. महिन्यातून एकदा नोझल काढून सौम्य ॲसिडच्या पाण्यात बुडवा, स्वच्छ धुवून परत बसवा. हे काम गोठ्याबाहेर.

४. दाब चौरस सेंटीमीटरला १.५ ते २ किलो. त्यापेक्षा वाढवला तर थेंब फुटून धुकं होतं.

५. सायक्लिक टायमर आणि सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा) व्हॉल्व्ह: १ मिनिट पाणी, ४ ते ५ मिनिटं बंद. पंखे सतत चालू.

६. अशी फेरी ४५ मिनिटं, दिवसातून पाच वेळा. पहिली साडेदहाला, श्वास वाढायच्या आधी. मग १, ३, संध्याकाळच्या धारेआधी, आणि शेवटची रात्री ८ च्या सुमारास.

एका वेळी गायीमागे सव्वा ते दीड लिटर पुरतं. पाणी पोटावरून ओघळून कासेवर आलं की मात्रा जास्त झाली. ओल्या सडांतून जंतू आत जातात आणि दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, आमंत्रण मिळतं. धारेआधी भिजवलं असेल तर सड कोरड्या कापडाने पुसल्याशिवाय धार काढू नका.

पंख्याबाबत आकडे असे: ३६ इंची पंखा साधारण ३० फुटांपर्यंत, ४८ इंची ४० फुटांपर्यंत वारा पोचवतो. खालची कड ८ फुटांवर, खाली १५ ते २० अंश झुकवून. सगळे पंखे एकाच दिशेने आणि वाऱ्याच्या नैसर्गिक दिशेला अनुसरून. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, त्याच्या तोंडावर पंखे लावून भांडण करू नका. गायीच्या पाठीशी वेग सेकंदाला २ ते ३ मीटर मिळायला हवा. मोजायचं यंत्र नसेल तर साडीच्या काठाची पातळ पट्टी पाठीच्या उंचीवर धरा: ती जवळजवळ आडवी फडफडली तर वारा पुरेसा आहे. घरातला छताचा पंखा पत्र्याखालची तापलेली हवा खाली ढकलतो, त्यावर पैसे घालू नका.

मुक्तसंचार गोठ्यात फवारा फक्त गव्हाणीजवळच्या सिमेंटच्या पट्ट्यावर. बसायच्या मातीत पाणी गेलं की चिखल होतो, गाय गारव्यासाठी त्याच शेणचिखलात बसते आणि आठवड्यात दोन-चार कासा सुजतात. सिमेंटला दर ५ फुटांना १ इंच उतार द्या आणि वाहून जाणारं पाणी नेपियर गवताच्या वाफ्यात सोडा.

दोन-चार गायी असतील तर टायमरची गरज नाही. बागेची नळी घेऊन खांदे, पाठ, पुठ्ठे नीट भिजवा, हाताने केस उलटे फिरवून पाणी कातडीला लागू द्या, आणि गायीला वाऱ्यात उभी करा. २०-३० मिनिटांनी हात फिरवा. कातडी कोरडी लागली तर परत भिजवा.

जून लागला की पद्धत बदला

वळिवाचे ढग दाटू लागले की आर्द्रता ६० च्या वर जाते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पश्चिम पट्ट्यात हे आधी घडतं, मालेगाव-नांदगावकडे उशिरा. आता ओला थर्मामीटर २६-२७ दाखवतो, म्हणजे वाळण्याला मर्यादा आली. खूण सोपी आहे: भिजवल्यावर अर्ध्या तासाने कातडी ओलीच असेल तर नवीन पाणी मारू नका. कातडी वाळत असेल तर टायमरवर पाणी बंद राहायची वेळ ८ ते १० मिनिटांवर न्या, पंखे मात्र रात्रभर चालू ठेवा. हवा ३२ अंशांची असते, कातडीपेक्षा गार, त्यामुळे आता वाराच जास्त काम करतो. पश्चिमेचे पडदे काढा. ओलं गोणपाट पूर्ण बंद.

चारा: वेळ बदला, मग वस्तू

खाल्ल्यावर चार ते सहा तासांनी कोठीपोटातली उष्णता शिगेला पोचते. सकाळी ९-१० ला भरपूर चारा टाकला तर ती वेळ बरोबर दुपारी २-३ ला येते. म्हणून वाटणी अशी करा: पहाटे ५ ते ६ ला ३० टक्के, दुपारी सावलीत थोडा हिरवा चारा, १० टक्क्यांपर्यंत, संध्याकाळी ७ ला ३०, आणि रात्री १० ते ११ ला उरलेला ३०. रात्रीच्या चाऱ्याचा कंटाळा येतो हे मान्य, पण एप्रिल-मेमध्ये नाशिकची रात्र गार होते, तिचा फायदा घ्यायचा हाच मार्ग आहे.

गाय तापली की स्वतःहून खाणं कमी करते, आणि दुधातली जवळपास निम्मी घट एवढ्यानेच होते. बाकीची घट शरीरात आत होणाऱ्या बदलांमुळे, ती चाऱ्याने भरून निघत नाही. इथे मोठी चूक होते: दूध तुटलं म्हणून पेंड वाढवली जाते. धापा टाकताना गायीच्या शरीरातून कार्बन डायऑक्साइड जास्त निघून जातो, त्याचा तोल सांभाळायला मूत्रपिंड सोडा बाहेर टाकतं. लाळ तोंडातून गळून जाते, पोटात जात नाही. रवंथ कमी होतो. पोटातली आम्लता थोपवणारं सगळंच कमी झालेलं असताना वर दोन किलो पेंड पडली की पोट आंबतं, फॅट तीनच्या खाली येते, शेण पातळ होतं, आणि दीड-दोन महिन्यांनी खुरं दुखू लागतात. जुलैतल्या लंगडण्याचं मूळ मे महिन्यात असतं, हे लक्षात येत नाही.

काय द्यायचं:

चांगला मक्याचा मुरघास, हिरवा मका, मेथी घास, कोवळं नेपियर यांचं प्रमाण वाढवा. कडबा आणि गव्हाचा भुसा पचताना जास्त उष्णता देतात, त्यांचं प्रमाण कमी करा, पण शून्य नको. दीड-दोन किलो कुट्टी, दोन इंचांच्या लांबीची, रवंथासाठी राहू द्या.

खाण्याचा सोडा १०० ते १५० ग्रॅम रोज, दोन वेळांत विभागून, आंबोणात (पेंड-भरड्याच्या खाद्यात) मिसळून. मीठ ५० ते ६० ग्रॅम. मिनरल मिक्श्चर १०० ग्रॅम. गायीच्या घामातून मुख्यतः पोटॅशियम जातं, ते मेथी घासातून बरंच मिळतं. शेतातल्या खताच्या गोणीतलं पोटॅश गायीला कधीही घालू नका. यीस्ट पाकिटावरच्या मात्रेने, किमान तीन आठवडे सलग, नाहीतर पैसे वाया.

१५ लिटरच्या वरच्या गायीला बायपास फॅट (कोठीपोटात न विरघळता पुढे जाणारी चरबी) १०० ते २०० ग्रॅम, किंवा सरकी एक किलो. स्निग्ध पदार्थ पचताना उष्णता कमी आणि ऊर्जा जास्त देतात. दोन्ही एकदम भरमसाठ देऊ नका आणि खाद्यतेल ओतू नका, त्याने कोठीपोटातले जंतू मंदावतात.

मुरघासाची बॅग उघडली की उन्हाळ्यात ती लवकर तापते. हात घातल्यावर गरम लागला, वर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर तो भाग फेका. खड्ड्यातला मुरघास रोज अख्ख्या तोंडावरून किमान अर्धा फूट काढला गेला पाहिजे, एवढ्या गायी नसतील तर खड्ड्यापेक्षा लहान बॅगा बऱ्या.

आता आपल्या जिल्ह्यापुरता इशारा. एप्रिल-मेमध्ये उन्हाळ कांदा निघतो, पात आणि सडका माल ढिगाने पडलेला असतो, आणि चारा महाग. कांदा जास्त गेला तर गायीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-काळपट होते, डोळ्यांच्या आतल्या कडा पांढऱ्या पडतात. आधीच धापा टाकणाऱ्या गायीचं रक्त असं पातळ झालं तर ती झटक्यात कोसळते. चाऱ्याचा आधार म्हणून कांदा वापरू नकाच. तोडणीनंतर उरलेले द्राक्षमणी किंवा टोमॅटोही पाटीभर टाकले की पोट आंबतं. पाण्याअभावी सुकलेली कोवळी ज्वारी तर विषारी असते.

उष्माघात झाला तर

तापमान १०५-१०६, जीभ बाहेर, चाल अडखळती, किंवा गाय बसली आणि उठत नाही. १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फोन लावा किंवा जवळच्या पशुवैद्यकाला कळवा, आणि तो येईपर्यंत थांबू नका. जिथे आहे तिथेच सावली करा, चालवत नेऊ नका. डोक्यासह सगळ्या अंगावर सतत पाणी आणि जोडीला पंखा. अंगावर ओली चादर टाकून ठेवू नका, वाळणं थांबतं. दर १० मिनिटांनी तापमान घ्या आणि १०३ ला आलं की पाणी बंद करा, नाहीतर ते गरजेपेक्षा खाली घसरतं. पाणी समोर ठेवा, पण नाळीने किंवा बाटलीने तोंडात ओतू नका. धापा टाकणाऱ्या गायीच्या फुप्फुसात ते जातं आणि उष्माघातातून वाचलेली गाय न्यूमोनियाने जाते. तापाच्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत, हा आजाराचा ताप नाही. शिरेतून सलाइन द्यायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. त्या रात्री पेंड देऊ नका, फक्त हिरवा चारा.

माज, रेतन आणि भाकड गाय

उन्हाळ्यात माज लपतो: कमी वेळाचा, बहुतेक रात्रीचा, कधी पूर्ण मुका. रात्री १० आणि पहाटे ५ ला टॉर्च घेऊन अर्धा-अर्धा तास बघा. दुपारी कितीही वेळ बघून काही दिसत नाही. संध्याकाळी दिसलेला माज सकाळी, सकाळचा संध्याकाळी भरवा, आणि रेतनाआधी-नंतर गाय थंड ठेवा. रेतनानंतरचे पहिले तीन-चार दिवस गर्भ उष्णतेला सर्वांत कच्चा असतो, त्या आठवड्यात त्या गायीला पंख्याखालची उत्तम जागा द्या. अंडाशयात वाढणाऱ्या बीजावरही परिणाम होतो आणि तो दीड-दोन महिने मागे राहतो. हवा गार झाल्यावर, ऑगस्टमध्येही गायी उलटत (गाभण न राहता परत माजावर येत) असतील तर लगेच सीमेन बदलू नका, मे-जूनमधल्या श्वासाच्या नोंदी काढून बघा.

भाकड गायीला सगळेच विसरतात. दूध देत नाही म्हणून ती गोठ्याच्या मागे, बाभळीखाली बांधलेली असते. विण्याआधीचे दोन महिने ती उन्हात राहिली तर पुढच्या वेताचं दूध कमी भरतं, कारण कासेतल्या दूध बनवणाऱ्या पेशी याच काळात नव्याने तयार होतात. वासरू हलकं जन्मतं आणि चिकातली प्रतिकारशक्ती कमी शोषतं. तिलाही फवारा आणि पंखा दुभत्या गायीइतकाच द्या. एकच गोष्ट तिला द्यायची नाही: विण्याआधीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत खाण्याचा सोडा पूर्ण बंद, मीठही कमी. सोड्याने रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्याची शरीराची तयारी बिघडते आणि विल्याबरोबर गाय मिल्क फिव्हरने (कॅल्शियम घसरण्याच्या आजाराने) बसते. आंबोण एकाच पाटीत कालवून सगळ्यांना वाटायची पद्धत असेल, तर भाकड गायीची पाटी सोडा मिसळायच्या आधी बाजूला काढून ठेवा.